फलकाची वंशावळ

मीरा-भाईंदरला मेट्रो हवी होती, याबद्दल दुमत नव्हते. बेव्हर्ली पार्क, शांती नगर, पूनम सागर या वस्त्यांतला नोकरदार वर्षानुवर्षे लोकलच्या दारात लोंबकळत मुंबई गाठतो आहे. दहिसरहून येणारी मेट्रो 9 त्याच्यासाठीच. मात्र मेट्रो आली की तिच्या गाड्या उभ्या करायला कारशेडही लागते. ती आधी राई-मुर्धा-मोर्वा भागात ठरली होती. तिथल्या गावकऱ्यांनी जमिनी द्यायला विरोध केला, तेव्हा प्रस्ताव उत्तनजवळच्या डोंगरीकडे सरकला. 2025 साली डोंगरीतल्या झाडांवर नोटिसा लागल्या आणि तोडायच्या झाडांचा आकडा बारा हजारांच्या घरात असल्याचे समोर आले. गावकऱ्यांनी आणि शहरातल्या रहिवाशांनी हरकती नोंदवल्या. लोक हातात फलक घेऊन उभे राहिले.

खाडी आणि समुद्राच्या कडेला असलेली डोंगरी आणि रेल्वेच्या पूर्वेला वाढलेले बेव्हर्ली पार्क एकाच महापालिकेत येतात, पण त्यांची रोजची गाठ पडत नाही. मेट्रोचा फायदा एकाला आणि झाडांचा तोटा दुसऱ्याला, अशी वाटणी झाली की पहिल्याला दुसऱ्याचे दुःख दिसावे कसे? बातमी येते आणि जाते. नोटीस सरकारी मराठीत असते. अशा वेळी एक पुठ्ठा, एक काठी आणि पाच-सात शब्द यांच्यावर मोठे काम येऊन पडते. ते काम आजचे नाही. या फलकाला सव्वाशे-दीडशे वर्षांचे घराणे आहे आणि ते बहुतांशी याच महाराष्ट्रात वाढले आहे. त्याचा मागोवा घेताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली: चळवळीत टिकलेले प्रत्येक चिन्ह असे होते, की पाहणाऱ्याला ते स्वतःच्या हाताने पुन्हा काढता येत होते.

या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे जावे लागते. 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा उभी राहिली आणि शिळाछापाची रंगीत चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर आली. देवादिकांच्या जोडीला इतिहासातली माणसेही तिथे लागली. चित्र एकाच्या मालकीचे न राहता हजारो घरांचे होऊ शकते, याची सवय मराठी डोळ्याला तेव्हा लागली. 1893 पासून टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सव पसरला आणि आरास, देखावे, मेळे यांतून चालू राजकारण चौकात येऊन उभे राहिले. कारागीर, कवी, गायक, वर्गणी गोळा करणारी मुले अशा अनेकांनी मिळून एक सार्वजनिक दृश्य उभे करायचे, ही रीत तिथे घडली. पुढच्या सगळ्या चळवळींनी ती उचलली.

पण चिन्ह हातात घेऊन चालणे हाच गुन्हा ठरला आणि त्यामुळेच चिन्हाची ताकद कळली, ती नागपुरात. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात सिव्हिल लाइन्सकडे चरख्याचा झेंडा घेऊन जायला सरकारने बंदी केली. तुकड्यांमागून तुकड्या निघाल्या आणि तुरुंगात गेल्या. जमनालाल बजाज पकडले गेले, पुढे वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व केले आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक निघालीच. सत्याग्रही निःशस्त्र होते. हातात होता तीन पट्ट्यांचा आणि चरख्याच्या चित्राचा खादीचा तुकडा. तो कुठलीही बाई घरात शिवू शकत होती, आणि म्हणूनच किती झेंडे जप्त केले तरी झेंडे संपत नव्हते.

1930 साली कायदेभंगाच्या काळात सरकारने वटहुकूम काढून छापखान्यांकडून जामीन मागायला सुरुवात केली. उघड छापणे अवघड झाले, तेव्हा मुंबईत काँग्रेस बुलेटिन सायक्लोस्टाइलवर निघू लागले. हे यंत्र आता दिसत नाही, म्हणून जरा जवळून पाहू. मेणाचा लेप दिलेला पातळ कागद घ्यायचा. टंकलेखन यंत्राची शाईची फीत बाजूला करून अक्षरे थेट त्यावर ठोकायची, किंवा लोखंडी टोकाच्या लेखणीने रेघा ओढायच्या. जिथे मेण खरवडले गेले तिथून शाई पाझरते. तो कागद रुळावर चढवून हँडल फिरवले की प्रती पडू लागतात. यंत्र खोलीच्या कोपऱ्यात मावते आणि धाड पडायच्या आत उचलून नेता येते. पुढे 1942 च्या भूमिगतांनी हेच यंत्र वापरले. नंतरच्या तीन-चार दशकांत कामगार संघटना, विद्यार्थी गट, अनियतकालिके यांचा सगळा संसार या यंत्रावर चालला. त्याच्या मर्यादांनी एक शैलीही घडवली: जाड रेघ, एकच रंग, छटा नाहीत, शब्द मोजके.

याच काळात मीरा-भाईंदर ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याच्या तेव्हाच्या उत्तर टोकाला एका चिन्हाने इतिहास घडवला. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर तलासरी-डहाणूच्या वारल्यांमध्ये काम करू लागले आणि 23 मे 1945 रोजी झरी गावात हजारो वारली जमले. वेठबिगार करायची नाही, असे त्या सभेत ठरले. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पत्रक वाचता येत नव्हते, पण लाल बावटा वाचता येत होता. बावटा दिसला की आपली माणसे आहेत, सभा आहे, आता भ्यायचे नाही, एवढे सगळे त्या एका कापडात मावत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मेले. बावटा खाली आला नाही. गोदावरीबाईंनी ही सगळी हकीकत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली.

त्याच सुमारास मुंबईत चित्रकार, शाहीर आणि कार्यकर्ते एकत्र येत होते. 1943 साली इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ, स्थापन झाला. त्याचे नगारा वाजवणाऱ्या माणसाचे बोधचिन्ह चित्तप्रसाद यांनी काढले. बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणारा हा चित्रकार पुढे मुंबईत अंधेरीला राहिला आणि आयुष्यभर लिनोकट करत राहिला. जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचा तुकडा, एक कोरणी, शाई आणि दाब द्यायला रूळ किंवा चमच्याची पाठ, एवढ्यावर ते चित्र छापले जाते. जो भाग कोरून काढला तो पांढरा राहतो, जो ठेवला तो काळा उमटतो. चित्तप्रसादांनी हे माध्यम निवडले ते स्वस्त आणि अनेकांपर्यंत पोहोचणारे म्हणून. 1944 च्या लाल बावटा कलापथकात अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी हेच सूत्र गाण्यात आणि लोकनाट्यात आणले: गिरणगावाच्या चाळीत जाऊन तिथल्याच बोलीत सांगायचे आणि ऐकणाऱ्याला ते उद्या स्वतः म्हणता आले पाहिजे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात भिंत हे वर्तमानपत्र झाले. चुना, गेरू, डांबर, जे मिळेल त्याने घोषणा रंगल्या. आचार्य अत्र्यांनी नोव्हेंबर 1956 मध्ये ‘मराठा’ दैनिक सुरू केले. त्यांच्या ‘नवयुग’मध्ये बाळ ठाकरे ‘मावळा’ या नावाने व्यंगचित्रे काढत. 30 नोव्हेंबर 1957 ला पंडित नेहरू शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने काळ्या निशाणांची निदर्शने केली. काळे कापड घराघरात असते. त्यावर अक्षर नाही, चित्र नाही, तरी अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. कुशल व्यंगचित्रकाराची रेघ आणि अडाणी हातातले काळे फडके ही दोन्ही त्या लढ्याची चित्रभाषा होती. पहिली लोकांना हसवत आणि चिडवत होती, दुसरी त्यांना सहभागी करून घेत होती.

1972 नंतरच्या महागाईविरोधी लढ्यात मुंबईच्या बायकांनी ही चित्रभाषा एक पाऊल पुढे नेली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतल्या नेत्या एका समितीत आल्या आणि मोर्चात हजारो बायकांनी लाटणी उगारली, थाळ्या वाजवल्या. लाटणे हाच फलक झाला. तेल, रवा, साखर महागल्याचे आकडे सांगावेच लागले नाहीत. ज्या वस्तूने घर चालते तीच रस्त्यावर आणली की मागणीचे कारण आपोआप दिसते. हे एकट्या डिझायनरच्या टेबलावर सुचले असते, असे मला वाटत नाही. ते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बायकांच्या बैठकीत सुचू शकते.

त्याच 1972 च्या मे महिन्यात मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्यामागे अनियतकालिकांचे, सायक्लोस्टाइलचे, कमी पैशांत बंडखोर छपाई करण्याचे वातावरण होते. नाव घेतले होते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर चळवळीचे, आणि त्या काळ्या बिबट्याची गोष्टही आपल्या घराण्यात बसणारी आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, लाउंड्स परगण्यात, 1966 च्या सुमारास कृष्णवर्णीयांनी स्वतःचा पक्ष काढला. अक्षरओळख नसलेल्या मतदारांसाठी मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह लागे. गोऱ्यांच्या पक्षाचा कोंबडा होता, यांनी झेप घेणारा काळा बिबट्या घेतला. मतदाराला ओळखता यावे म्हणून काढलेले हे चित्र कॅलिफोर्नियात पोहोचले आणि तिथून नावाच्या रूपाने मुंबईच्या चाळींत आले. आपल्या 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हे आली ती याच गरजेपोटी.

आणखी एक दूरचा नातेवाईक इथे सांगायला हवा. मे 1968 मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी आणि कलाकारांनी तिथली ललितकला महाशाळा ताब्यात घेऊन तिच्यात ‘लोकांची कार्यशाळा’ चालवली. पोस्टरवर कुणाचीही सही नसे. रोज सगळे जमत, आलेली रेखाटने समोर ठेवत आणि दोन प्रश्न विचारत: यातला राजकीय विचार बरोबर आहे का? आणि हे पोस्टर तो नीट पोहोचवते का? मंजूर झालेले चित्र रातोरात स्क्रीन प्रिंटिंगने छापून सकाळी भिंतींवर लागे. लाकडी चौकट, ताणून बसवलेले जाळीदार कापड, रबरी पट्टी आणि घट्ट शाई: हे तंत्र आपल्याकडे गावोगावच्या लग्नपत्रिका छापणाऱ्यांना पाठ होते. त्याचा चळवळीसाठी उपयोग होऊ शकतो, एवढे कुणीतरी दाखवायचे होते.

महाराष्ट्रात ते स्त्री चळवळीने दाखवले. 1980 मध्ये मथुरा बलात्कार खटल्याच्या निकालावरून देशभर निषेध उठला आणि मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. 1982 साली पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. पुढे 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पतीची निर्दोष मुक्तता केली. पण त्या मृत्यूने शहर हादरले होते. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन तयार केले आणि ते ठिकठिकाणी नेले. त्या काळी अशी प्रदर्शने म्हणजे ड्रॉइंग पेपरचे मोठे ताव, पोस्टर कलर, शाळेच्या नाहीतर देवळाच्या सभागृहात बांधलेली सुतळी आणि गुंडाळून एसटीने नेता येईल एवढा पसारा. या प्रदर्शनाचे नावच बघा. ‘मंजुश्रीला न्याय द्या’ असे म्हटले असते तर बाई बघून हळहळली असती आणि घरी गेली असती. ‘मी एक मंजुश्री’ म्हटल्यावर ती पोस्टरच्या आत आली. मंचाच्या ‘बोलते व्हा’ केंद्रात पुढे बायका बोलू लागल्या, त्यामागे ही समज होती. 1983 साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ रंगमंचावर आणले, तेव्हाही वाट तीच होती.

या पोस्टरांपैकी किती टिकली? फार थोडी. कागद स्वस्त होता, पावसात भिजला, कपाटावर वाळवीने खाल्ला. दिल्लीच्या झुबान प्रकाशनाने देशभरातल्या स्त्री चळवळीची पोस्टरे जमवून ‘पोस्टर विमेन’ हा संग्रह केला, म्हणून त्यातला काही भाग आज पाहायला मिळतो. ज्यांनी ती काढली त्यांतल्या अनेकींची नावे मिळत नाहीत. काम सगळ्यांचे असल्याने सही कुणीच केली नव्हती.

पुढच्या काळात या घराण्याला सर्वांत मोठा धक्का फ्लेक्सने दिला. दोन हजार सालानंतर डिजिटल छपाई इतकी स्वस्त झाली की गल्लीतला पेंटर संपला. चुन्याने भिंतीवर चारी बाजूंच्या रेघा मारून, मधले अंतर डोळ्याने मोजून, शिरोरेघेखाली डौलदार मराठी अक्षर बसवणारा हात बेकार झाला. चौक वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरून गेले. मोठा फलक ही पैशाची गोष्ट झाली आणि ज्याच्याकडे पैसा त्याचा चेहरा मोठा झाला. फ्लेक्सचे खरे नुकसान हे आहे. छपाई सोपी झाली, पण हात सुटला.

तरीही जिथे लोक स्वतः उभे राहिले तिथे जुना वारसा उफाळून आला. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात एका पुलावर हत्या झाली. त्यानंतर दर महिन्याच्या 20 तारखेला कार्यकर्ते त्याच पुलावर फलक घेऊन उभे राहत आले. तारीख आणि जागा हीच तिथली रचना होती. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत आला. त्यात आदिवासी मोठ्या संख्येने होते. दहावीच्या मुलांना त्रास नको म्हणून ते शेवटच्या रात्री सायनहून आझाद मैदानापर्यंत चालले. डोक्यावर लाल टोप्या आणि हातात तोच बावटा होता, जो 1945 मध्ये झरीच्या सभेत होता. वाढवण बंदराला विरोध करणाऱ्या डहाणू किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही ओळ भिंतीभिंतीवर लिहिली. ती पाठ करावी लागत नाही आणि रंगवायला कलाशाळेत जावे लागत नाही.

बेव्हर्ली पार्कला सर्वांत जवळचे उदाहरण आरेचे. 2014 पासून मेट्रो 3 च्या कारशेडला विरोध सुरू झाला. मानवी साखळ्या झाल्या, रविवारी माणसे जमू लागली, मुलांनी पुठ्ठ्यावर झाडे, बिबटे, पाने काढली. आरेतल्या पाड्यांमधले वारली आणि शहरातले विद्यार्थी, चित्रकार, डिझायनर एका मोर्चात आले. केल्टीपाड्याचे प्रकाश भोईर यांच्यासारख्या वारली कलाकाराने तो लढा चित्रातून आणि गाण्यातून मांडला. लग्नाच्या चौकात तांदळाच्या पिठाने काढले जाणारे त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ आता जंगलाची बाजू मांडत होते. 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री झाडे पडू लागली. दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, आंदोलकांना अटक झाली, आणि 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर उशीर झाला होता. झाडे गेली, पण कारशेडसाठी झाडे तोडणे हा शहराचा प्रश्न आहे, हे सगळ्या मुंबईला कळले. डोंगरीच्या बातमीत लोकांनी लगेच आरेची आठवण काढली, ती त्या फलकांमुळेही.

म्हणून मीरा रोडच्या डिझायनरांना आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना मला मनापासून काही सांगायचे आहे. आज तुमच्या हातात जे आहे ते 1930 च्या बुलेटिनवाल्यांना स्वप्नातही मिळाले नसते. र. कृ. जोशींनी ‘मंगल’ अक्षरसंच घडवला आणि संगणकावर देवनागरी सहज दिसू लागली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे अक्षरसंच सर्वांना वापरायला मोकळे केले. वस्तीतल्या मुलीने फोनवर फलक केला तर अक्षराला पैसे पडत नाहीत. ही देणगी आहे आणि ती वापरायला हवी.

पण आधी डोंगरीला जा. ज्यांच्या झाडांवर नोटीस लागली त्यांना विचारा की कोणते झाड कशासाठी, कुणाच्या वाडीत, कुठल्या झऱ्याशी. त्यांचे शब्द घ्या. फलक काळ्या-पांढऱ्यात करा, म्हणजे सोसायटीच्या फाटकाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन रुपयांत त्याची प्रत निघेल आणि नोटीस बोर्डावर लागेल. चित्र इतके साधे ठेवा की आठवीतल्या मुलाला ते खडूने रस्त्यावर काढता यावे. पॅरिसवाल्यांचे दोन प्रश्न रोज विचारा, आणि तिसरा आपला जोडा: हे दुसऱ्याला काढता येईल का? झाल्यावर प्रत्येक फलकाची एक प्रत तारीख आणि ठिकाण लिहून जपून ठेवा, कारण उद्या कुणी मीरा-भाईंदरचा इतिहास लिहील तेव्हा हरकतींच्या फायलींइतकेच हे कागद पुरावा असतील.

सुंदर पोस्टर काढणारा एक कलाकार चळवळीला उपकारक असतोच. पण नागपूरच्या झेंड्यापासून आरेच्या पुठ्ठ्यापर्यंतचा हिशेब सांगतो की चळवळ पुढे गेली ती त्या कलाकाराने कुंचला दुसऱ्याच्या हातात दिला तेव्हा. बेव्हर्ली पार्कने तो डोंगरीच्या हातात द्यावा आणि डोंगरीने सांगितलेले स्वतःच्या फाटकावर लावावे. एका शहराचे दोन तुकडे जोडण्याचे काम यापेक्षा स्वस्तात होत नाही.